क्रिगिंग

मोजक्या जागी घेतलेल्या नमुन्यांवरून, जिथे नमुनाच घेतलेला नाही तिथे खनिजाचे प्रमाण किती असेल याचा अंदाज काढण्याची सांख्यिकी रीत. दक्षिण आफ्रिकेतील खाण अभियंते डॅनी क्रिग (१९१९–२०१३) यांच्या आडनावावरून फ्रेंच अभ्यासकांनी हे नाव रूढ केले.

विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींत एक अडचण वारंवार येई. नमुन्यांत भरघोस सोने दाखवणारा ठोकळा (खणण्यासाठी आखलेला खडकाचा तुकडा) खणला की अंदाजापेक्षा हलका निघे, आणि गरीब दिसणारा अंदाजापेक्षा बरा. नमुने घेणाऱ्यांची ही चूक नव्हती. मूठभर नमुन्यांची सरासरी म्हणजेच साऱ्या ठोकळ्याची सरासरी, हे गृहीतच कच्चे होते. क्रिग यांनी १९५१ मध्ये हे आकड्यांनिशी मांडले आणि ठोकळ्याचा अंदाज आसपासच्या सरासरीकडे बेताने ओढून घेण्याची वाट दाखवली.

त्याला पक्का सिद्धान्त दिला तो फ्रान्सच्या जॉर्ज मातेराँ यांनी. दोन नमुन्यांमधले अंतर वाढते तसा त्यांच्यातला फरक कसा वाढत जातो, हे व्हॅरिओग्राम नावाच्या आलेखावर दिसते. सोन्याच्या खाणीत हा आलेख बहुधा शून्यापासून निघतच नाही: वीतभर अंतरावरच्या दोन नमुन्यांपैकी एकात सोन्याचा खडा सापडतो, दुसरा कोरा निघतो.

या आलेखावरून प्रत्येक नमुन्याचा भारांक, म्हणजे अंदाजात त्याला द्यायचे वजन, ठरतो. ठोकळ्याच्या पूर्वेला दोन विंधनविवरे (नमुन्यांसाठी पाडलेली खोल छिद्रे) एकमेकांना खेटून असतील आणि तेवढ्याच अंतरावर पश्चिमेला एकटे तिसरे, तर पूर्वेच्या प्रत्येकाला तिसऱ्यापेक्षा कमी वजन मिळते, कारण ती दोघे जवळपास एकच गोष्ट सांगतात. या पद्धतीचे खरे सौंदर्य इथे आहे.

सर्वसाधारण क्रिगिंगमध्ये १६ नमुन्यांसाठी १७ समीकरणे सोडवावी लागतात, तीही एका ठोकळ्यापुरती. मोठ्या खाणीत ठोकळे लाखांनी असतात. म्हणूनच संगणकाशिवाय ही रीत कागदावरच राहिली असती. खाणकामातील संगणक-वापरावरची ‘ॲपकॉम’ ही आंतरराष्ट्रीय परिषदमालिका १९६१ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठात सुरू झाली. १९७२ मध्ये ती जोहान्सबर्गला भरली. खुल्या खाणीचा सर्वांत फायदेशीर आकार शोधणारी लेर्च–ग्रॉसमन पद्धत १९६५ मध्ये कॅनडातून आली. तिलाही आधी ठोकळ्यांचे अंदाज लागतात, आणि ते अनेकदा क्रिगिंगनेच काढलेले असतात.

क्रिगिंगने काढलेला खनिज-प्रमाणाचा नकाशा प्रत्यक्षापेक्षा सपाट असतो. शिखरे खुजी आणि दऱ्या उथळ दिसतात. अंदाजासोबत मिळणारा त्रुटीचा आकडाही, व्हॅरिओग्राम एकदा ठरल्यावर, नमुन्यांच्या जागांवर अवलंबून असतो, त्यांत किती सोने निघाले यावर नव्हे.