सिलिकॉनची 520 ची रेषा: पार्श्वभूमी

नागपूरच्या गांधीसागर तलावाजवळच्या विज्ञान केंद्राला सी. व्ही. रमण यांचे नाव आहे. 1910 मध्ये ते या शहरात होते, पण लेखा खात्याचे अधिकारी म्हणून. त्यांच्या नावाचा परिणाम, म्हणजे पदार्थातल्या कंपनांमुळे विखुरलेल्या थोड्या प्रकाशाचा रंग बदलणे, 28 फेब्रुवारी 1928 रोजी कोलकात्यात सापडला, तो द्रवांमध्ये. हा बदल वर्णपटात रेषा म्हणून दिसतो आणि प्रति सेंटिमीटरमध्ये मोजतात; सिलिकॉनची रेषा 520 जवळ येते. त्याच वर्षी मॉस्कोत लँड्सबर्ग आणि मँडेलश्टाम यांना तो क्वार्ट्झच्या स्फटिकात दिसला.

सिलिकॉन मात्र बराच काळ हाती लागला नाही. तेव्हाचा दिवा पाऱ्याचा, त्याचा 435.8 नॅनोमीटरचा निळा प्रकाश हिऱ्यातून आरपार जातो, म्हणून हिऱ्याची 1332 प्रति सेंटिमीटरची रेषा 1930 मध्येच मिळाली. सिलिकॉन तोच प्रकाश एका मायक्रोमीटरच्या आत शोषून घेतो. एवढ्या पातळ थरातून परतणारा संकेत टिपायला लेसरच हवा होता. 1965 मध्ये हीलियम-निऑन लेसरने ते जमले. आज 520.5 च्या त्याच रेषेवर स्पेक्ट्रोमीटर जुळवतात.

इलेक्ट्रॉन-फोनॉन जोड, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि स्फटिकाची कंपने (फोनॉन) यांची एकमेकांशी सांगड, 1966 मध्ये गॅलियम आर्सेनाइडमध्ये स्पष्ट दिसली. या ध्रुवीय (विरुद्ध भारांच्या अणूंच्या) स्फटिकात 292 जवळच्या अनुदैर्घ्य (लाटेच्या दिशेतच होणाऱ्या) कंपनाने विद्युतक्षेत्र तयार होते. मोकळे इलेक्ट्रॉन वाढले की त्यांचे सामूहिक दोलन या कंपनात मिसळते आणि एका रेषेच्या दोन होतात. त्यांच्या जागांवरून, तार न जोडता, इलेक्ट्रॉनांची घनता काढता येते. कॅडमियम सेलेनाइडच्या नॅनोस्फटिकांत 210 जवळची रेषा आणि तिच्या दुप्पट आकड्यावरची रेषा यांच्या तीव्रतेच्या गुणोत्तरावरून जोडीची ताकद ठरवतात. पण लेसरची तरंगलांबी बदलली की गुणोत्तरही बदलते. ती न सांगता दिलेला आकडा आमच्या मते निरुपयोगी.

स्फटिककणाचा आकार लहान झाला की रेषा का सरकते, याचे गणित रिश्टर, वांग आणि ले यांनी 1981 मध्ये मांडले. काही नॅनोमीटरच्या कणात तरंगसदिश (कंपनाची लाट किती दाट आणि कोणत्या दिशेची, हे सांगणारी राशी) मोठ्या स्फटिकासारखा नेमका शून्य राहत नाही. सिलिकॉनची प्रकाशीय फोनॉनांची शाखा, म्हणजे तरंगसदिशानुसार या कंपनांच्या वारंवारतेचा आलेख, शून्यापासून दूर जाताना खाली वळते, म्हणून रेषा खाली घसरते आणि त्याच बाजूला पसरते.

खरी फसगत इथेच होते, कारण तापमानही रेषा खालीच नेते: दर अंशाला सुमारे 0.02, म्हणजे 50 अंशांना 1 प्रति सेंटिमीटर. सैल भुकटीतून उष्णता निघून जात नाही, त्यामुळे काही मिलिवॉटही जड जातात. लेसरची शक्ती फिल्टरने निम्मी करावी, मग पाव. रेषा वर सरकत राहिली तर तो आकाराचा नव्हे, तापण्याचा परिणाम. नागपूरच्या मे महिन्यात आणखी एक भर पडते. वातानुकूलन बंद पडून खोली 25 वरून 40 अंशांवर गेली, तर संदर्भाची सिलिकॉन चकतीच 0.3 ने खाली येते. शिवाय स्पेक्ट्रोमीटरमधल्या ग्रेटिंगची (प्रकाश रंगांत पसरवणाऱ्या बारीक रेघांच्या पट्टीची) बैठकही हलते, ती वेगळीच.