झडपेपाशी परतणारी लाट

वरुड-मोर्शी पट्ट्यातील संत्र्याच्या बागेत उभे असताना वीज अचानक गेली, तर जमिनीखालच्या पाइपलाइनमधून एक दणका ऐकू येतो. पंप थांबतो, पाण्याचा स्तंभ मागे फिरतो, झडप धाडकन मिटते आणि दाबाची लाट पाइपातून धावत सुटते. पाइपातील पाणी सेकंदाला जेमतेम मीटर-दीड मीटर सरकत असले, तरी ही लाट पीव्हीसी पाइपातून सेकंदाला काही शे मीटर वेगाने जाते, टोकाला आपटते आणि उलटी फिरते. वाहणारा पदार्थ वेगळा आणि त्यातून धावणारी दाबाची लाट वेगळी, ही गोष्ट ज्याला या दणक्यातून समजली, त्याला मोटारीच्या इंजिनाला लावलेल्या हेडरचे अर्धे शास्त्र समजले असे मानायला हरकत नाही.

कारखान्यातून आलेल्या बहुतेक जुन्या गाड्यांमध्ये चार सिलिंडरांचा धूर बिडाच्या एका आखूड, जाडजूड मॅनिफोल्डमध्ये एकत्र होतो. तो स्वस्त असतो, टिकाऊ असतो आणि कमी जागेत मावतो. त्याच्या जागी प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र लांब नळी देऊन त्या नळ्या पुढे एका जोडात, म्हणजे कलेक्टरमध्ये, एकत्र आणल्या की त्या रचनेला हेडर म्हणतात. अमरावती-नागपूरकडची हौशी मंडळी हेडर निवडताना बहुधा आवाज आणि चकाकी पाहतात. माझ्या मते मात्र सर्वांत आधी हातात घेण्याची वस्तू म्हणजे मोजपट्टी.

चार स्ट्रोकच्या इंजिनात एक्झॉस्टची, म्हणजे धूर बाहेर सोडणारी, झडप पिस्टन तळाला पोहोचण्याची वाट पाहत नाही. क्रँक, म्हणजे पिस्टनला जोडलेला फिरता दांडा, तिथे पोहोचायला साधारण ५० ते ६० अंश बाकी असतानाच ती उघडते. त्या क्षणी सिलिंडरमधील दाब बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट असल्याने जळालेला वायू नळीत उसळतो आणि त्याच्यापुढे दाबाची लाट धावू लागते. ध्वनीचा वेग तापमानावर अवलंबून असतो. साध्या हवेत तो सेकंदाला सुमारे ३४५ मीटर असला, तरी ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या तप्त वायूत तो साडेपाचशे ते सहाशे मीटरच्या घरात जातो. ही लाट कलेक्टरपाशी, म्हणजे नळी एकदम रुंदावते तिथे पोहोचली, की तिचा काही भाग परत फिरतो आणि परतताना त्याचा स्वभाव उलटा होतो: दाबाची लाट गेली होती, ओढीची लाट परत येते. पाइपाचे टोक बंद असते तर दाब दाबाच्याच रूपात परतला असता. टोक उघडे असल्यामुळे हा पालट होतो.

ही ओढ झडपेपाशी नेमकी केव्हा पोहोचते, यावर सारे अवलंबून आहे. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या अखेरीस पिस्टन वर असताना मिश्रण आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी अशा दोन्ही झडपा थोडा वेळ एकाच वेळी किंचित उघड्या असतात, आणि त्या फटीच्या वेळात ओढीची लाट आली, तर ती सिलिंडरच्या कोपऱ्यात उरलेला जळका वायू खेचून काढते व पाठोपाठ ताज्या मिश्रणालाही आत ओढून घेते. मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर इंजिनाचा एक फेरा सेकंदाच्या शंभराव्या भागात पुरा होतो. (शंकरपटात बैलजोडीचा निकाल सेकंदाच्या अंशांनी लागतो तेव्हा आपण तोंडात बोट घालतो, इथे तर त्या अंशाचेही तुकडे करावे लागतात.) लाट शिगेला पोहोचल्यापासून ती परत हवी असते तोपर्यंत क्रँक सुमारे १२० अंश फिरतो असे धरले, तर हाती ३.३ मिलिसेकंद उरतात. सेकंदाला ५५० मीटर वेगाने तेवढ्या वेळात लाट सुमारे १.८ मीटर जाते, आणि हे अंतर जाण्या-येण्याचे असल्याने नळीची लांबी निघते सुमारे ९० सेंटिमीटर. गणित ढोबळ आहे, पण दिशा दाखवायला पुरेसे आहे.

आता तीच ९० सेंटिमीटरची नळी आणि मिनिटाला ३,००० फेरे. लाट पूर्वीइतक्याच वेळात परतते, पण इंजिन निम्म्या वेगाने फिरत असल्याने ती ६० अंशांवरच, म्हणजे फार लवकर, येऊन थडकते. तिथून पुन्हा कलेक्टरकडे जाते, पुन्हा उलटते आणि १२० अंशांवर दाबाच्या रूपात हजर होते. ज्या क्षणी ओढ हवी होती त्याच क्षणी ढकल मिळते, आणि जळका वायू सिलिंडरमध्ये मागे रेटला जातो. वरच्या फेऱ्यांना धावणारी गाडी मधल्या फेऱ्यांना एकाएकी मरगळते, त्यामागचे एक मोठे कारण हेच आहे. एकच लांबी सर्व वेगांना मानवत नाही, आणि म्हणून हेडर निवडताना आपण खरे तर इंजिनाचा कोणता वेग आपल्याला प्रिय आहे हे ठरवत असतो.

नळ्या कशा जोडल्या आहेत हा पुढचा प्रश्न. चार सिलिंडरांच्या बहुतेक इंजिनांत स्फोटाचा क्रम १-३-४-२ असतो. चारही नळ्या एकाच ठिकाणी मिळाल्या, तर तिथे दर १८० अंशांनी एक धक्का येतो आणि प्रत्येक झडप सुमारे २४० अंश उघडी राहत असल्याने एकाचा धक्का दुसऱ्याच्या नाजूक वेळी पोहोचू शकतो. वरच्या वेगांना ही रचना उत्तम ठरते, खाली मात्र ती रुसते. याउलट १ व ४ आणि २ व ३ अशा ३६० अंशांचे अंतर असलेल्या जोड्या आधी करून मग दोन्ही शाखा एकत्र आणल्या, म्हणजे ज्याला ४-२-१ म्हणतात तशी रचना केली, तर जोडीदार एकमेकांच्या वाटेत येत नाहीत आणि जोर मधल्या वेगांवर पसरतो. गावातून तालुक्याला, गतिरोधक आणि बैलगाड्या ओलांडत जाणाऱ्या गाडीसाठी मी डोळे झाकून ४-२-१ सांगेन.

नळी जितकी रुंद तितकी चांगली, हा समज तर मोडूनच काढावा लागेल. ३८ मिलिमीटरऐवजी ४५ मिलिमीटर व्यास घेतला, की आतले क्षेत्रफळ सुमारे ४० टक्क्यांनी वाढते. वायूचा वेग त्याच प्रमाणात मंदावतो आणि त्याच्या जडत्वाने मिळणारी ओढ ढिली पडते. मूळ स्थितीतील, टर्बो नसलेल्या इंजिनाला चांगल्या हेडरचा लाभही बहुधा मोजक्या टक्क्यांपलीकडे जात नाही.

काही गाड्यांना हेडर बसवायला जागाच नसते. फोक्सवॅगनच्या १.० टीएसआय इंजिनात मॅनिफोल्ड सिलिंडर हेडच्या आतच ओतलेला आहे. अनेक नव्या गाड्यांत तो वेगळा असला, तरी उत्प्रेरक परिवर्तक, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, लवकर तापावा म्हणून त्याला खेटूनच असतो, आणि हेडर लावायचा म्हणजे तो काढायचा, असा व्यवहार होतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या धुराच्या मानकांनंतर असा बदल करून रस्त्यावर उतरणे म्हणजे कार्बन मोनॉक्साइड गावभर वाटत फिरणे आहे, शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेतील बदलांवर बंधने घालते. परिवर्तक पुढे स्वतंत्र असलेल्या गाडीवरच हा प्रयोग करावा आणि परिवर्तक जागेवर राहू द्यावा.

आपल्याकडे तयार हेडर सहज मिळत नाही, म्हणून लोक फॅब्रिकेशनच्या दुकानात जातात. माझ्या परिचयातील एका बागायतदाराने जुन्या पेट्रोल गाडीसाठी असाच हेडर करवून घेतला, तो विहिरीच्या उरलेल्या जीआय पाइपांचा. जस्ताचा मुलामा वेल्डिंगच्या उष्णतेने उडतो आणि तो धूर श्वासात गेला की वेल्डरला थंडी वाजून ताप भरतो; हे पाप तर होतेच, पण वाकवताना पाइप कोपऱ्यांत चेपला होता आणि आतल्या बाजूला वेल्डिंगचे लोंबते थेंब राहिले होते. नळी आत दांडा ठेवून वाकवलेली असावी, म्हणजे वळणावर तिची गोलाई टिकते.

धातूचे प्रसरण हा दुसरा हिशेब. ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची ६० सेंटिमीटरची नळी ६०० अंशांनी तापली, की सुमारे ६ मिलिमीटर लांबते. चार नळ्या सारख्या तापत नाहीत, त्यामुळे त्या एकमेकींना ओढतात आणि तडा बहुधा फ्लॅन्जजवळच्या, म्हणजे इंजिनाला आवळल्या जाणाऱ्या जाड पट्टीजवळच्या, वेल्डिंगला जातो. फ्लॅन्ज ८ ते १० मिलिमीटर जाड, वेल्डिंगनंतर मशीनवर सपाट केलेला हवा, आणि इंजिन आपल्या रबरी पायांवर डोलत असते म्हणून पुढे कुठेतरी लवचीक जोड हवाच.

विदर्भातील मे महिना या साऱ्यात आणखी एक आकडा मिसळतो. पातळ नळी बिडापेक्षा बॉनेटखाली जास्त उष्णता फेकते. बाहेर ४५ अंश असताना इंजिनात शिरणारी हवा त्यामुळे ६० अंशांपर्यंत तापली, तर तिची घनता सुमारे साडेचार टक्क्यांनी घटते, म्हणजे लाटांच्या मेहनतीने मिळवलेले जवळजवळ सगळे उष्णतेने परत नेले. म्हणून मूळचे उष्णतारोधक पत्रे फेकू नयेत. सिरॅमिकचा लेप परवडत असेल तर तो द्यावा. कापडी पट्टी गुंडाळणे स्वस्त पडते, पण पावसाळ्यात ती ओल धरते आणि खालचे साधे लोखंड खाते.

बसवताना घाई नडते. जुन्या स्टडवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल सोडावे. हेडमधील आटे गेले तर हेडरपेक्षा मोठा खर्च उभा राहतो. हेडच्या पृष्ठभागावर सरळ पट्टी ठेवून फट तपासावी, गॅस्केट नवे घ्यावे, सगळे नट आधी बोटांनी लावून मग मधल्या नटापासून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत, कंपनीच्या पुस्तिकेतील मापाने टॉर्क रेंचने आवळावेत. खालचे जोड तोवर सैलच ठेवावेत, नाहीतर वरचा फ्लॅन्ज ताणातच बसतो. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर येणारी आणि तापल्यावर विरून जाणारी टकटक म्हणजे गळती. रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे जोडांवरून फिरवले की ती जागा सापडते. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती राहिली, तर ओढीच्या क्षणी तिथून बाहेरची हवा आत शिरते, सेन्सरला मिश्रण पातळ वाटते आणि संगणक विनाकारण जास्त पेट्रोल देऊ लागतो.

त्या बागायतदाराचा दुसरा हेडर नीट झाला, पण तो मूळ मॅनिफोल्डपेक्षा बराच खाली उतरला आहे. सोयाबीन निघाल्यानंतर खळ्याभोवती पसरलेल्या कुटारावर, म्हणजे सुक्या भुश्यावर, तापलेली गाडी उभी करायची नाही, हे आता त्याच्या घरच्या पोरांनाही पाठ आहे. गाडी आली की ती आधी गाडीखाली वाकून बघतात.