गायीच्या अंडाशयाचं कॉर्टेक्स कल्चर

गायीच्या अंडाशयाचा बाहेरचा थर, म्हणजे कॉर्टेक्स, कापून त्याचे मिलिमीटरभराचे तुकडे करायचे, ते पोषक द्रवात काही दिवस जिवंत ठेवायचे आणि तेवढ्यात आतली फॉलिकल्स (अंडपेशी सांभाळणाऱ्या बारीक पिशव्या) काय करतात ते बघायचं, या पद्धतीला कॉर्टेक्स कल्चर म्हणतात. पुस्तकी नाव अंडाशयाचं ऊतीसंवर्धन, पण लॅबमध्ये ते कुणी म्हणत नाही, तिथे नुसतं "कल्चर लावलंय" एवढंच ऐकू येतं. गायीला मिळणारा चारा-खुराक आणि तिच्या अंड्यांची वाढ यांचा संबंध शोधायला ही पद्धत बरीच वापरतात.

बाहेरचाच थर का, तर झोपलेली फॉलिकल्स तिथेच असतात. त्यांना प्रायमॉर्डियल फॉलिकल म्हणतात, आकार साधारण 40 मायक्रॉन, मधे एक अंडपेशी आणि भोवती चपट्या पेशींचं एकच कडं. हा साठा गायीला जन्माआधीच मिळतो. 1966 साली एरिक्सन या संशोधकांनी छापलेल्या मोजणीत वासरू पोटात साधारण 110 दिवसांचं असताना दोन्ही अंडाशयांत मिळून 27 लाखांच्या आसपास जननपेशी दिसल्या होत्या, आणि जन्मापर्यंत त्यातल्या बहुतेक मरून गेल्या होत्या. पुढे आयुष्यभर याच साठ्यातून खर्च चालतो, नवीन भर पडत नाही असंच धरलं जातं. एखादं फॉलिकल जागं झालं की चपट्या पेशी फुगून चौकोनी होतात, मग थरावर थर चढतात, मग आत पाण्याची पोकळी तयार होते, आणि शेवटी 15 ते 20 मिलिमीटरचं होऊन ते माजाच्या सुमारास फुटतं. या सगळ्याला कित्येक महिने लागतात.

खरी अडचण ही की यातला सुरुवातीचा सगळा भाग जिवंत गायीत दिसतच नाही. अल्ट्रासाउंडवर फॉलिकल दिसायला लागतं ते दोन-तीन मिलिमीटरचं झाल्यावर, आणि तोपर्यंत त्याचा बराचसा प्रवास उरकलेला असतो. आणि पोषणाचा प्रश्न नेमका त्याच न दिसणाऱ्या काळातला आहे. गाय व्याली की दूध भराभर वाढतं, खाणं त्या मानाने वाढत नाही, मग ती अंगावरची चरबी जाळते आणि रक्तात फॅटी ॲसिड्स आणि कीटोन (चरबी जळताना तयार होणारे पदार्थ) वाढतात. 1992 मध्ये जॅक ब्रिट या संशोधकांनी असा विचार मांडला की या उपासाच्या आठवड्यांत जी फॉलिकल्स लहान होती तीच दोन-तीन महिन्यांनी फुटायला येतात, म्हणजे गाय तोवर सुधारलेली दिसते, माजावरही येते, पण अंडं मात्र जुन्या भुकेचा मार खाल्लेलं असतं. पटणारी गोष्ट आहे, पण गायीत सिद्ध करायला महाकठीण, कारण भुकेल्या गायीत ग्लुकोज, इन्सुलिन, फॅटी ॲसिड, लिव्हर, ताण असं सगळंच एकदम बदलतं. डिशमध्ये यातली एकेक गोष्ट सुटी करून बघता येते, आणि कल्चर लावण्याचं कारण एवढंच आहे.

अंडाशय बहुतेक वेळा कत्तलखान्यातून येतात, अँटिबायोटिक घातलेल्या सलाइनमध्ये, थर्मासमधून, आणि आल्यावर पहिलं काम म्हणजे चिकटलेली चरबी आणि पडदे कापून टाकणं, 70 टक्के अल्कोहोलची एक झटपट आंघोळ, परत धुणं. मग स्काल्पेलने वरचा पांढरट चिवट थर पातळ काढतात. हात बसायला वेळ लागतो, कारण जाड कापला तर आतला रक्तवाहिन्यांचा मऊ भाग बरोबर येतो आणि फार पातळ कापला तर नुसती साल हातात राहते. तुकडा साधारण एक बाय एक मिलिमीटर आणि जाडी अर्ध्याच्या आसपास ठेवतात. जाडी महत्त्वाची, कारण रक्तपुरवठा तुटलेला असतो, ऑक्सिजन फक्त झिरपून आत जाणार, तुकडा जाड असला तर मधला भाग गुदमरून मरतो. तुकडे प्लेटमध्ये थेट मीडियममध्ये (म्हणजे त्या पोषक द्रवात) किंवा जाळीदार इन्सर्टवर ठेवतात, इन्क्युबेटर 38.5 अंशावर (गायीचं अंग माणसापेक्षा गरम असतं), कार्बन डायऑक्साइड 5 टक्के, एक-दोन दिवसाआड अर्धं मीडियम बदलायचं, आणि हे आठवडा-दहा दिवस चालतं.

यात एक गंमत आहे जी नवीन माणसाला बुचकळ्यात टाकते. गायीच्या अंगात ही फॉलिकल्स महिनोन्महिने, वर्षानुवर्षं झोपून राहतात, आणि डिशमध्ये ठेवली की दोन दिवसांत बहुतेक सगळी एकदम जागी होतात! अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या फॉर्च्यून यांच्या गटाने गायीच्या गर्भातल्या अंडाशयांवर हे 1996 मध्ये दाखवलं, तेही सीरम (रक्तातून काढलेला द्रव) न घालता. त्याच गटाने पुढे तसेच तुकडे कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्यावर लावून बघितले तर तिथे अशी झुंबड उडाली नाही. म्हणजे अंगात काहीतरी त्यांना दाबून धरतं आणि कापाकापीने तो दाब सुटतो, अँटी-मुलेरियन हॉर्मोन आणि पेशींमधला हिप्पो नावाचा सिग्नल हे त्यातले नेहमीचे संशयित. जागी झालेली फॉलिकल्स मात्र पुढे फारशी जात नाहीत, प्रायमरी टप्प्यावर (चौकोनी पेशींचा एकच थर) अडकतात, सेकंडरी (त्यावर आणखी थर चढलेली) क्वचित दिसतात. त्यामुळे "आमच्या मीडियममध्ये फॉलिकल्स जागी झाली" हे वाक्य एकटं असलं तर त्याला काही अर्थ नाही, ती तशीही झाली असती, शेजारच्या कंट्रोल प्लेटमध्ये, म्हणजे तुलनेसाठी काही न बदलता ठेवलेल्या प्लेटमध्ये, किती झाली ते सांगा.

पण पोषणाच्या अभ्यासात सगळ्यात मोठा घोळ मीडियममध्येच असतो आणि त्याकडे लोक सर्रास दुर्लक्ष करतात असं माझं मत आहे. गायीच्या रक्तात ग्लुकोज दर 100 मिलीला साधारण 45 ते 75 मिलिग्रॅम असतं, रवंथ करणारं जनावर असल्यामुळे माणसापेक्षा कमीच. नेहमी वापरल्या जाणाऱ्या तयार मीडियमपैकी मॅकॉय 5ए मध्ये ते 300 मिलिग्रॅम आहे, वेमाउथमध्ये 500. वरून इन्सुलिन-ट्रान्सफेरिन-सेलेनियमचं तयार मिश्रण घालतात, त्यात इन्सुलिन मिलीला 10 मायक्रोग्रॅम पडतं, आणि गायीच्या रक्तात ते नॅनोग्रॅममध्ये मोजायचं असतं, म्हणजे हजारो पट जास्त. इतकं इन्सुलिन आयजीएफ या इन्सुलिनसारख्याच वाढीच्या हॉर्मोनच्या रिसेप्टरलाही (पेशीवरच्या संदेश घेणाऱ्या जागेलाही) हलवतं, त्यामुळे मग परिणाम नक्की कुणाचा हे कळत नाही. थोडक्यात कंट्रोल डिशमधली "गाय" ही मुळातच साखरेत बुडालेली असते आणि आपण तिच्यावर उपासमारीचा प्रयोग करतो. ज्यांना भुकेबद्दलच बोलायचंय त्यांनी ग्लुकोज आणि इन्सुलिन आधी रक्ताच्या पातळीवर आणून मग पुढचं बघावं, त्यात तुकडे कमी दिवस टिकतात ही किंमत आहे, पण ती मोजावी लागते.

फॅटी ॲसिड घालायची तर वेगळीच कटकट. पाल्मिटिक, स्टिअरिक, ओलेइक ही व्यायलेल्या गायीच्या रक्तात वाढणारी मुख्य तीन, आणि ती पाण्यात विरघळत नाहीत. अल्कोहोलमध्ये विरघळवून अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला बांधावी लागतात, मग कंट्रोलमध्येही तेवढंच अल्कोहोल आणि तेवढंच अल्ब्युमिन हवं, नाहीतर फरक अल्कोहोलचा आणि नाव फॅटचं. याउलट व्हिटॅमिन सी हे सोपं प्रकरण, ते घातलं की फॉलिकल्स जास्त दिवस शाबूत राहतात असं गायीच्या तुकड्यांवर दिसलंय, म्हणून आता ते बहुतेक रेसिपीत असतंच.

दुसरी पद्धत उलटी आहे, आहार गायीला द्यायचा आणि डिश सगळ्यांना एकच ठेवायची. अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या क्ले सेंटरच्या सरकारी मांस-जनावर संशोधन केंद्रात कालवडींना साधारण आठव्या ते अकराव्या महिन्यात खुराक कमी आणि मग एकदम वाढवून दिला, याला जिन्याच्या पायऱ्यांवरून स्टेअर-स्टेप आहार म्हणतात, तर त्यांच्या अंडाशयात प्रायमॉर्डियल फॉलिकल्स जास्त सापडली. नवीन तयार झाली असं नव्हे, बहुधा कमी खर्च झाली. अशा कालवडींचा कॉर्टेक्स कल्चरला लावला की हा फरक ऊतीत मुरलाय का, की अंगातल्या हॉर्मोनबरोबरच संपला, हे विचारता येतं. कत्तलखान्यातल्या अंडाशयांवर हा प्रश्न विचारताच येत नाही, कारण त्या गायीचं वय काय, ती काय खात होती, शेवटची कधी व्याली, कशाचा पत्ता नसतो.

शेवटी तुकडे फिक्स करून, मेणात बसवून, पाच-सहा मायक्रॉनचे काप काढून रंगवतात आणि मायक्रोस्कोपखाली बसून मोजतात. एकच फॉलिकल चार कापांत चार वेळा दिसतं, म्हणून ज्या कापात अंडपेशीचं केंद्रक दिसेल तिथेच मोजायचं हा नियम. बरोबरीने मीडियममधली हॉर्मोन्स आणि तुकड्यातला आरएनएही बघतात. फॉलिकल्स कॉर्टेक्समध्ये सारखी पसरलेली नसतात, पुंजके असतात, एका तुकड्यात तीस आणि त्याच्या शेजारच्यात दोन असं सहज होतं. आणि एका गायीचे चाळीस तुकडे म्हणजे चाळीस नमुने नव्हेत, नमुना एकच, गाय! ही चूक इतकी होते की पेपर वाचताना आधी गायी किती ते बघावं.

आठवड्याच्या पुढे जायचं तर वाढलेली फॉलिकल्स बारीक सुयांनी सोडवून वेगळी वाढवावी लागतात. 2010 मध्ये एडिनबरात मॅक्लॉक्लिन आणि टेल्फर यांनी ॲक्टिव्हिन आणि एफएसएच ही फॉलिकलच्या वाढीची हॉर्मोन्स वापरून अशा दोन टप्प्यांत पोकळी तयार होण्यापर्यंत मजल मारली. डिशमध्ये वाढवलेल्या अंड्यापासून जिवंत वासरू जपानमध्ये 1999 च्या सुमारास झालं, पण ती अंडी अर्ध्या मिलिमीटरच्या पुढच्या, आधीच पोकळी आलेल्या फॉलिकल्समधली होती, त्यांचा झोपेतून उठण्याचा भाग गायीच्या पोटातच होऊन गेला होता.