जत्रेपुरता रेडिओ: अल्पशक्ती प्रक्षेपणाच्या परवानगीची पार्श्वभूमी

यात्रा, प्रदर्शन, क्रीडास्पर्धा किंवा संमेलन अशा ठिकाणी हजारोंच्या गर्दीपर्यंत सूचना पोचवायच्या असल्या, की आपल्याकडे ध्वनिक्षेपक हाच एकमेव उपाय गृहीत धरला जातो. मंडपाजवळ बसलेल्यांना त्याचा आवाज सोसवत नाही, वाहनतळावरच्यांना त्यातले शब्द कळत नाहीत, आणि दोन खांबांवरच्या भोंग्यांचे आवाज एकमेकांत मिसळले की हरवलेल्या मुलाचे नाव नेमके तेवढेच ऐकू येत नाही. शिवाय 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरण्यावर बंदी आहे, ती वेगळीच. याला एक जुना आणि स्वस्त पर्याय आहे. कार्यक्रमाच्या जागी एक-दोन वॅट शक्तीचा एफएम प्रक्षेपक बसवायचा, एक वारंवारता जाहीर करायची आणि ज्याला सूचना हव्या असतील त्याने त्या आपल्या रेडिओवर ऐकायच्या. अमेरिका, ब्रिटन आणि जपान येथे हा पर्याय वेगवेगळ्या वाटांनी रुळला. भारतात तो अद्याप रुळलेला नाही, आणि त्याची कारणे परवान्याच्या इतिहासात सापडतात.

तंत्राच्या बाजूने यात अवघड असे फारसे काही नाही. एफएमच्या लहरी साधारणपणे नजरेच्या टप्प्यातच प्रवास करतात, त्यामुळे वॅटच्या आकड्यापेक्षा अँटेनाची उंची अधिक महत्त्वाची ठरते. जमिनीलगत ठेवलेल्या प्रक्षेपकाचा आवाज पत्र्याच्या मंडपाआड क्षीण होतो, तर तोच प्रक्षेपक दहा मीटर उंच खांबावरच्या अँटेनाला जोडला की मैदान ओलांडून रस्त्यापर्यंत पोचतो. म्हणून अनुभवी माणसे यंत्र चालू केल्यावर खिशातला रेडिओ घेऊन मैदानाच्या चारही कडांवरून चालत जातात, खरखर कुठे सुरू होते ते टिपतात आणि मगच अँटेनाची जागा कायम करतात. मोबाइलच्या जाळ्यावर गर्दीचा ताण येतो. रेडिओचे श्रोते शंभर असोत की लाख, प्रक्षेपकाला त्याचा पत्ताही नसतो. धोका आहे तो वेगळा. एफएमचा पट्टा 108 मेगाहर्ट्झला संपतो आणि त्याला लागूनच विमानांच्या मार्गदर्शक यंत्रणेचा पट्टा सुरू होतो. घरगुती जुळणीचा, नको त्या लहरी अडवणारी गाळणी (फिल्टर) नसलेला प्रक्षेपक आपल्या वारंवारतेबाहेरही लहरी सांडतो, आणि म्हणूनच कोणतेही सरकार या विषयाकडे पूर्ण काणाडोळा करू शकत नाही.

या काळजीचे पहिले व्यवहार्य उत्तर अमेरिकेने 1938 मध्ये दिले, आणि तेही कोणाच्या भाषणस्वातंत्र्याचा विचार करून नव्हे. त्या सुमारास घरातल्या रेडिओवर बिनतारी पद्धतीने तबकडी वाजवणारे ग्रामोफोन बाजारात येऊ लागले होते. अशा प्रत्येक ग्रामोफोनला प्रक्षेपण केंद्राचा परवाना मागणे हास्यास्पद ठरले असते. तेव्हा तेथील संघराज्य दळणवळण आयोगाने लहरींच्या तीव्रतेची एक मर्यादा घालून दिली: तरंगलांबीच्या प्रमाणात ठरणाऱ्या एका अंतरावर लहरीची तीव्रता मीटरमागे 15 मायक्रोव्होल्टपेक्षा अधिक नसेल, तर परवान्याची गरज नाही. ग्रामोफोनसाठी काढलेल्या या पळवाटेतून पुढे सभागृहे, प्रार्थनास्थळे आणि मोटारीत बसूनच चित्रपट पाहण्याची ड्राइव्ह-इन सिनेमागृहे आत शिरली. आज तेथे विनापरवाना एफएमसाठी तीन मीटरवर 250 मायक्रोव्होल्ट प्रतिमीटर ही मर्यादा आहे. ती इतकी कडक आहे की आवाज जेमतेम काही दहा मीटर जातो; एखाद्या मोठ्या मेळाव्याला ती पुरत नाही.

मोठ्या जागेसाठी त्याच देशाने 1977 मध्ये प्रवासी-माहिती केंद्रांची स्वतंत्र वर्गवारी केली. विमानतळ, राष्ट्रीय उद्याने आणि महामार्ग यांच्यासाठी शासकीय संस्थांना एएम पट्ट्याच्या दोन टोकांना, 530 आणि 1610 किलोहर्ट्झवर, 10 वॅटपर्यंतची केंद्रे चालवण्याची मुभा मिळाली. मात्र त्यावर गाणे वाजवायचे नाही आणि जाहिरात करायची नाही. वाहनतळ कुठे, रस्ता कोणता बंद, एवढेच बोलायचे. निव्वळ सूचनांसाठी रेडिओ ही कल्पना येथे कायद्याच्या भाषेत आली. व्यावसायिक केंद्रांना आपला श्रोता पळवला जाण्याची भीती वाटू नये म्हणून ही बंधने घातली गेली, हे उघड आहे.

ब्रिटनने अंतराऐवजी दिवस मोजले. 1990 च्या प्रसारण कायद्यानंतर तेथील रेडिओ प्राधिकरण ठरावीक कार्यक्रमांसाठी मर्यादित सेवेचे परवाने देऊ लागले. त्यांची मुदत सर्वसाधारणपणे 28 दिवसांपर्यंत असे. सिल्व्हरस्टोनच्या मोटारशर्यतीत 87.7 मेगाहर्ट्झवर शर्यतीचे वर्णन आणि वाहतुकीच्या सूचना ऐकू येऊ लागल्या. शहरांमधल्या मुस्लिम वस्त्यांनी याच परवान्यावर रमजानपुरती केंद्रे चालवली, जी रोजा सोडण्याची वेळ सांगत आणि मोहल्ल्यातल्या सूचना देत. महिना संपला की अँटेना उतरायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा, अशी ती व्यवस्था होती.

जपानची कहाणी मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे, कारण उत्सवासाठी केलेली तरतूद संकटात कशी उपयोगी पडते हे तेथे स्पष्ट दिसले. 1950 च्या जपानी रेडिओ कायद्यात अतिक्षीण लहरींना परवान्यातून सूट होती. 100 मीटरवर 15 मायक्रोव्होल्ट प्रतिमीटर ही ती मर्यादा. तीस वर्षे या कलमाकडे कोणी फारसे पाहिले नाही. खेळण्यातल्या मोटारी आणि बिनतारी मायक्रोफोन यांच्यासाठीच ते वापरले जाई. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तेत्सुओ कोगावा या विचारवंताने, इटलीतल्या मुक्त रेडिओ चळवळीपासून प्रेरणा घेऊन, या कलमाचा आधार घेतला. टोकियोतल्या दाट वस्तीत अर्ध्या किलोमीटरच्या परिघातही हजारो माणसे राहतात, मग एवढे क्षेत्र रेडिओला पुरे का नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. 1983 च्या सुमारास 'मिनी एफएम'ची लाटच आली. चहाची दुकाने, महाविद्यालये, बाजारपेठा अशा ठिकाणी छोटे प्रक्षेपक लागले. एकाचा आवाज दुसऱ्याने पकडून पुढे पाठवायचा, अशा साखळ्याही झाल्या. त्यांतल्या अनेकांनी मर्यादा ओलांडली हेही खरे, आणि त्यामुळे सरकारने मोजमापाची पद्धत बदलून नियम आवळले.

तथापि सरकारने नुसते आवळले नाही. 1980 च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये जागोजागी प्रदर्शने आणि महोत्सव भरत होते, आणि त्यांच्यासाठी तात्पुरत्या कार्यक्रम-केंद्रांची वर्गवारी निर्माण झाली. कार्यक्रम चालेल तितके दिवस, त्या आवारापुरते प्रक्षेपण, असे तिचे स्वरूप होते. पाठोपाठ 1992 मध्ये एका वॅटच्या मर्यादेत कायमस्वरूपी सामुदायिक एफएमला मान्यता मिळाली, आणि त्या वर्षी 24 डिसेंबरला हाकोदाते शहरात 'एफएम इरुका' हे पहिले केंद्र सुरू झाले. 17 जानेवारी 1995 रोजी कोबे शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले, तेव्हा तात्पुरत्या केंद्राची कायदेशीर चौकट तयार होती. पाण्याचा टँकर कोणत्या चौकात येणार, आंघोळीची सोय कुठे आहे, घर पडल्याचा दाखला कोणत्या कार्यालयात मिळतो, ही माहिती राष्ट्रीय वाहिनीवर देता येत नाही. ती शंभर गल्ल्यांपुरतीच कामाची असते. फेब्रुवारीत, कोबे ज्यात येते त्या ह्योगो प्रांताने 79.6 मेगाहर्ट्झवर 'फिनिक्स' नावाचे पहिले तात्पुरते आपत्ती-केंद्र सुरू केले. त्याआधीच कोबेच्या नागाता भागातल्या कोरियन रहिवाशांनी आपल्या भाषेत छोटे प्रक्षेपण सुरू केले होते, आणि ते विनापरवाना असूनही कोणी बंद पाडले नाही. पुढे त्यातूनच 'एफएम वायवाय' हे परवानाधारक बहुभाषी केंद्र उभे राहिले. 2011 च्या त्सुनामीनंतर अशा दोन डझनांहून अधिक आपत्ती-केंद्रांना परवानगी दिली गेली.

भारतात रेडिओची सुरुवातच छोट्या प्रक्षेपकांनी झाली होती. 1920 च्या दशकात मुंबई, कोलकाता आणि मद्रास येथील हौशी रेडिओ क्लब प्रक्षेपण करीत. मद्रासच्या क्लबने 1924 मध्ये अवघ्या 40 वॅटच्या यंत्रावर सुरुवात केली. परंतु कायद्याची घडण वेगळी होती. 1885 च्या भारतीय तार कायद्याने संदेशवहनाचा अनन्य अधिकार सरकारकडे ठेवला होता, आणि 1933 च्या बिनतारी तार कायद्याने तर नुसते यंत्र जवळ बाळगण्यासाठीही परवाना सक्तीचा केला. लहर किती दूर जाते हा प्रश्न या दोन्ही कायद्यांच्या मूळ रचनेत नव्हताच. यंत्र कोणाच्या हातात आहे, एवढेच त्यांना पाहायचे होते. परकीय सत्तेला तशी धास्ती वाटणे स्वाभाविक होते. 1942 मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत जागा बदलत बदलत काँग्रेस रेडिओ चालवला, तेव्हा त्यांना पकडण्यासाठी पोलिसांनी ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत पाठलाग केला. नवल याचे, की स्वातंत्र्यानंतरही ही घडण जशीच्या तशी राहिली आणि शंभर किलोवॅटचा मनोरा व शाळेच्या मैदानावरचा एक वॅट यांत तिने फरक केला नाही.

या घडणीला पहिला मोठा तडा एका तात्पुरत्या कार्यक्रमानेच दिला. 1993 मध्ये बंगाल क्रिकेट संघटनेने भरवलेल्या हीरो चषक स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून संघटनेचा सरकारशी वाद झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयात गेला. 9 फेब्रुवारी 1995 रोजी न्या. पी. बी. सावंत, न्या. एस. मोहन आणि न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांच्या पीठाने प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, असा निर्णय दिला. सामुदायिक रेडिओची पुढची सगळी वाटचाल या निकालाचा हवाला देते. त्याचा उगम मात्र काही दिवसांच्या एका स्पर्धेत आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही.

निकालानंतरही धोरण हलले ते सावकाश. 2002 च्या अखेरीस शैक्षणिक संस्थांना परवानगी मिळाली, 1 फेब्रुवारी 2004 रोजी चेन्नईत 'अण्णा एफएम' सुरू झाले, आणि नोव्हेंबर 2006 मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही दार उघडले. शक्तीची मर्यादा 100 वॅट, अँटेना 30 मीटरपर्यंत, आणि अर्जदार संस्था किमान तीन वर्षे जुनी असावी, अशा अटी होत्या. या चौकटीतून म्हसवडचे 'माणदेशी तरंग' यांसारखी चांगली केंद्रे उभी राहिली. पण चार दिवसांच्या जत्रेची समिती तीन वर्षे जुनी नोंदणीकृत संस्था असतेच असे नाही, आणि असली तरी इरादापत्र, वारंवारता-मंजुरी आणि कार्यान्वयन परवाना या पायऱ्या चढेपर्यंत पुढची जत्रा येते. अल्पकाळासाठी अर्ज करण्याचा सोपा रकानाच या धोरणात नव्हता. त्याच वर्षांत बिहारमधल्या वैशाली जिल्ह्यात रेडिओ दुरुस्त करणारा एक तरुण स्वतः जुळवलेल्या प्रक्षेपकाची अँटेना बांबूला बांधून गावाला गाणी, स्थानिक सूचना आणि हरवलेल्यांची माहिती ऐकवत होता. 2006 मध्ये ते प्रक्षेपण बंद करण्यात आले. कायदा पाहता ते अपेक्षितच होते, तरी त्याच्यासाठी 'कमी शक्तीने चालव' असे सांगण्याची सोयही कायद्यात नसावी, हे मला अधिक खटकते.

सरकारला स्वतःसाठी मात्र कार्यक्रमापुरता रेडिओ नेहमीच शक्य होता. प्रयागराजच्या कुंभमेळ्यात आकाशवाणीने 2013, 2019 आणि 2025 मध्ये 'कुंभवाणी' ही खास वाहिनी चालवली. 2025 मध्ये ती 103.5 मेगाहर्ट्झवर 10 जानेवारीपासून 26 फेब्रुवारीपर्यंत, पहाटे 5.55 पासून रात्री 10.05 पर्यंत ऐकू येत होती. गमतीची गोष्ट अशी की मजकुराबाबत अडचण फारशी नाहीच. खाजगी एफएमला बातम्या देण्याची मनाई असली, तरी 2011 च्या धोरणाने वाहतूक, हवामान, उत्सव, पाणी-विजेच्या सूचना आणि नैसर्गिक आपत्तीचे इशारे हे विषय बातम्यांतून वगळले आहेत. म्हणजे जत्रेत जे सांगायचे असते ते सगळे बोलायला मुभा आहे.

बदलाची मागणी शेवटी आली ती ड्राइव्ह-इन सिनेमाच्या बाजूने. मोटारीत बसलेल्या प्रेक्षकांना चित्रपटाचा आवाज एफएमवर देण्यासाठी वारंवारता मिळावी, या विनंतीवरून दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 2023 मध्ये अल्पशक्ती, अल्पपल्ल्याच्या एफएमविषयी सल्लामसलत सुरू केली, आणि तिचा आवाका रुग्णालये, मनोरंजन उद्याने, गृहसंकुले, लहान वस्त्या, तसेच हवाई कसरती व क्रीडास्पर्धा यांसारख्या विशेष कार्यक्रमांपर्यंत वाढवला. त्याच वर्षी संसदेने नवा दूरसंचार कायदा करून 1885 आणि 1933 च्या कायद्यांची जागा घेण्याची तरतूद केली. त्या कायद्याखालच्या प्रसारण-परवानग्यांबाबत फेब्रुवारी 2025 मध्ये प्राधिकरणाने ज्या शिफारशी केल्या, त्यांत अल्पशक्ती, अल्पपल्ल्याची रेडिओ सेवा हा स्वतंत्र प्रकार सामुदायिक रेडिओच्या शेजारी ठेवलेला आहे. माणूस कोण यापेक्षा लहर कुठवर जाते हे पाहणारा, जो प्रकार अमेरिकेने ग्रामोफोनसाठी केला होता, तो भारतीय कागदपत्रांत असा आला.

पहिली मागणी ड्राइव्ह-इनवाल्यांकडून यावी, याला एक व्यावहारिक कारणही आहे. मोटारीत रेडिओ असतोच. पायी आलेल्याच्या फोनमध्ये तो असेलच याची खात्री उरलेली नाही. फोनमधला एफएम इअरफोनच्या वायरीलाच अँटेना मानून चालतो, आणि नव्या फोनांतून ती वायर खोचण्याचे छिद्रच नाहीसे होत आहे. 2023 मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने फोन उत्पादकांना एफएमची सोय चालू ठेवण्याची सूचना केली, तीही आपत्तीच्या काळातल्या उपयोगाचे कारण देऊन. तेव्हा आज एखाद्या संयोजकाला परवानगी मिळालीच, तरी त्याने पहिले प्रक्षेपण वाहनतळासाठी योजावे आणि मंडपातल्यांसाठी ध्वनिक्षेपक, कमी आवाजात का होईना, ठेवावेत हेच शहाणपणाचे.