सिंगल बोर्ड कॉम्प्युटरवर कर्नल कंपाइल करणे

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा, सोर्स कोड घेऊन, हवे ते पर्याय ठरवून, आपल्या बोर्डापुरती (एकाच पाटीवर मावणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरपुरती) त्याची नवी इमेज, म्हणजे बोर्ड सुरू होताना चालणारी फाइल, तयार करणे. रास्पबेरी पाय हा असा बोर्ड २०१२ साली बाजारात आल्यापासून हे काम कॉलेजच्या पोरांच्याही आवाक्यात आले. नाशिकमध्ये त्याची गरज दोन ठिकाणी पडू शकते : सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या यंत्रांवर आणि दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत, पानावरचा ओलावा व तापमान नोंदवणाऱ्या यंत्रणेत. डाउनी या द्राक्षावरच्या रोगाचा अंदाज याच नोंदींवर बांधतात.

मात्र पुष्कळदा कर्नलला हात लावायची गरजच नसते. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर वीज गेल्यावरही चालत राहणारे घड्याळ नाही. बागेत वीज गेली आणि नेटही नसले की नोंदींची वेळ चुकते. त्यासाठी डीएस३२३१ हे घड्याळ जोडतात. त्याचा ड्रायव्हर (ते उपकरण चालवणारा कोड) तयार मोड्यूल म्हणून, म्हणजे लागेल तेव्हा कर्नलला जोडला जाणारा सुटा तुकडा म्हणून, सोबत येतोच; बोर्डाच्या कॉन्फिग फाइलमध्ये ओव्हरलेची, म्हणजे हे उपकरण जोडले आहे हे सांगणारी, एक ओळ लिहिली की भागते. ‘नको ते ड्रायव्हर काढले की बोर्ड पळू लागतो’ हाही गैरसमजच म्हणायचा, कारण जे मोड्यूल लोडच होत नाही ते मेमरी खात नाही. खरे कारण लागते ते ड्रायव्हर मुळात बांधलेलाच नसेल तेव्हा, किंवा यंत्राला ठरल्या क्षणीच आदेश पोचायला हवा तेव्हा. या दुसऱ्या गरजेसाठीचा प्रीएम्प्ट-आरटी हा पर्याय अनेक वर्षे वेगळा पॅच, म्हणजे सोर्स कोडवर चढवायचा बदल, म्हणून लावावा लागे. २०२४ मधल्या ६.१२ आवृत्तीपासून तो मूळ कर्नलमध्येच आहे.

आधी बोर्डाचे डिफकॉन्फिग, म्हणजे पर्यायांची ठरीव यादी, घ्यायची, मग मेनूकॉन्फिग या मेनूत फेरबदल, मग प्रत्यक्ष बांधणी करणारी मेक ही कमांड. पाय ४ च्या चारही कोअरना जुंपले तरी वेळ तासांत मोजावा लागतो. त्याऐवजी चांगल्या पीसीवर क्रॉस-कंपाइल केले, म्हणजे बोर्डासाठीची इमेज पीसीवरच बांधली, तर मिनिटांचे काम. बोर्डावरच करायचे असेल तर पंखा हवा. चिप ८० अंशांना पोचली की स्वतःच वेग कमी करते, आणि नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये खोलीच तापलेली असते. मध्येच वीज गेली तर मेक पुढून सुरू होते खरे, पण अर्धवट लिहिलेली एखादी ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल झालेला तुकडा) नंतर लिंकिंगला, म्हणजे सगळे तुकडे जोडताना, अडू शकते. अशा वेळी तेवढी फाइल पुसून मेक पुन्हा चालवावे लागते.

इमेज, मोड्यूल आणि डिव्हाइस ट्री (बोर्डावर कोणते हार्डवेअर आहे याचे वर्णन) ही तिन्ही एकाच बांधणीतली हवीत. नवी इमेज टाकली आणि मोड्यूल बसवायचे राहिले, तर बोर्ड सुरू होतो पण वायफाय दिसत नाही. टेबलावर हे हसण्यावारी जाते; बोर्ड दिंडोरीच्या बागेत खांबावर असेल तर शहरातून २५ किलोमीटर जाऊन कार्ड काढून आणावे लागते. म्हणून जुनी इमेज पुसत नाहीत. नवीला वेगळे नाव देऊन कॉन्फिग फाइलमध्ये तेच लिहितात, शिवाय पुढच्या अपडेटमध्ये ती झाकली जात नाही. कार्डावरचा बूटचा भाग फॅट, म्हणजे विंडोजलाही वाचता येणाऱ्या, स्वरूपाचा असल्याने बिघडलेले कार्ड साध्या विंडोज लॅपटॉपला लावूनही ती ओळ बदलता येते.