ड्राय बॅगची चाचणी

तोंड गुंडाळून बंद करायच्या जलरोधक पिशवीला ड्राय बॅग म्हणतात. ट्रेक, राफ्टिंग, कयाकिंग, पावसातली मोटारसायकलवरची भटकंती यांत कपडे, स्लीपिंग बॅग, कॅमेरा कोरडा ठेवण्यासाठी ती वापरतात. पाणी आत शिरते का आणि शिरलेच तर कुठून, हे शोधणे म्हणजे तिची चाचणी. पावसाळ्यात सह्याद्रीतले किल्ले चढणाऱ्यांना या पिशवीची गरज बहुधा पहिल्याच मुक्कामात पटते. सॅकला रेन कव्हर असते, पण ते पाठीची बाजू झाकत नाही. मानेवरून ओघळलेले पाणी पाठीच्या पट्ट्यांमधून आत झिरपते, तळाशी साचते आणि रात्री स्लीपिंग बॅग पिळायची वेळ येते.

घोंगडी, इरले, मेणकापड ही पाऊस अडवण्याची जुनी साधने. रबराच्या थराचे कापड मात्र एकोणिसाव्या शतकातले. चार्ल्स मॅकिन्टॉश यांनी १८२३ मध्ये नॅफ्थात विरघळवलेले रबर दोन कापडांच्या मध्ये भरण्याचे पेटंट घेतले. आजच्या पिशव्या मुख्यतः तीन प्रकारच्या कापडाच्या असतात. पीव्हीसीचा थर दिलेले पॉलिएस्टर जाड, जड आणि दणकट. टीपीयूचा (पॉलियुरेथेनचा एक प्रकार) थर दिलेले नायलॉन हलके आणि लवचीक. तर सिलिकॉन मुरवलेले नायलॉन सर्वांत हलके. पहिल्या दोहोंचे जोड उष्णतेने वितळवून सांधता येतात. सिलिकॉनच्या कापडाला शिवावेच लागते, वर नेहमीची सीम टेपही (शिवणीवर चिकटवायची जलरोधक पट्टी) त्याला धरत नाही, म्हणून सुईची भोके सिलिकॉननेच बुजवावी लागतात.

पिशवी किती पाणी अडवते याचा विकताना सांगितला जातो तो आकडा बहुतेक वेळा कापडाचा असतो. आयएसओ ८११ या मानकानुसार कापडाच्या १०० चौ. सेंमी तुकड्यावर पाण्याचा दाब हळूहळू वाढवत नेतात आणि तीन ठिकाणी थेंब दिसले की त्या वेळचा दाब नोंदवतात. तो पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत, म्हणजे मिलिमीटरमध्ये, सांगायची रीत आहे. या मिलिमीटरचा पावसाच्या मिलिमीटरशी काही संबंध नाही. ‘३,००० मिमी’ लिहिलेली पिशवी महाबळेश्वरच्या पावसाला कमी पडेल, असा हिशेब कोणी मांडला तर तो चुकीचा आहे. पडणाऱ्या पावसाचा दाब तसा थोडाच. खरा दाब येतो तो वजनाचा. २० किलोची सॅक ओल्या कातळावर १०० चौ. सेंमी एवढ्याच जागेवर टेकली, तर तिथे सुमारे २,००० मिमीच्या स्तंभाएवढा दाब पडतो.

दुसरा आकडा आयपी श्रेणीचा, म्हणजे धूळ-पाणी आत शिरण्यापासून किती संरक्षण मिळते हे सांगणाऱ्या श्रेणीचा. ही श्रेणी मुळात विजेच्या उपकरणांच्या आवरणांसाठी आहे (मानक आयईसी ६०५२९). पिशव्यांनी ती उसनी घेतली. आयपीएक्स४ म्हणजे चहूबाजूंनी उडणारे शिंतोडे. आयपीएक्स६ मध्ये १२.५ मिमीच्या तोटीतून मिनिटाला १०० लिटरचा झोत किमान ३ मिनिटे मारतात. आयपीएक्स७ म्हणजे १ मीटर खोलीपर्यंत ३० मिनिटे बुडवणे. इथे वरचा क्रमांक मिळाला म्हणजे खालचे आपोआप मिळाले असे नाही: बुडवण्याच्या चाचणीत टिकलेली वस्तू झोताला टिकेलच याची हमी श्रेणी देत नाही. कोलाडला कुंडलिकेच्या लाटा तराफ्यावर आदळतात, तेव्हा शांत पाण्यातल्या आयपीएक्स७ पेक्षा हा झोताचाच प्रश्न अधिक असतो.

प्रयोगशाळेतला कापडाचा तुकडा कितीही उत्तम निघो, पिशवी गळते ती जोडातून, तळाच्या कोपऱ्यातून आणि सर्वांत जास्त तोंडातून. म्हणून अख्खी पिशवी तपासावी लागते, आणि ते घरी जमते. आधी ती हवेने भरून तोंड तीन-चार वेळा गुंडाळायचे आणि बकल लावायचे. मग पंक्चरवाला ट्यूब घमेल्यात फिरवतो, तशी एकेक बाजू पाण्याखाली दाबत न्यायची. बुडबुड्यांची माळ जिथून निघेल तिथे छिद्र. फुगलेली १० लिटरची पिशवी पूर्ण बुडवायला साधारण १० किलोचा जोर लागतो, म्हणून बादलीपुढे बसून झटापट करण्यापेक्षा बाजूबाजूने तपासणे सोपे.

दुसरी पायरी सामानासह. आत पाण्याने भरलेल्या बाटल्या ठेवायच्या (दगड नकोत, ते आतून ओरखडतात) आणि शाईच्या पेनाने दोन ओळी लिहिलेला कागद घडी करून कोपऱ्यात सारायचा. हवा काढून तोंड बंद करून पिशवी अर्धा तास पिंपात बुडवायची. बाहेर काढल्यावर उघडण्यापूर्वी तोंडाच्या घड्या फडक्याने कोरड्या कराव्यात. अनेक ‘गळक्या’ पिशव्या याच क्षणी, घडीतले पाणी आत सांडून, नापास होतात. थेंबभर पाणी आले तरी शाई फुटते. किती आले हे हवे असेल तर आतला सुती टॉवेल स्वयंपाकघरातल्या काट्यावर आधी आणि नंतर तोलावा.

तोंडाची गळती बहुधा वापरणाऱ्याची चूक असते. पिशवी काठोकाठ भरली की गुंडाळायला कापड उरत नाही. गुंडाळताना एखादी आडवी सुरकुती राहिली, तर तिच्या बारीक नळीतून पाणी सरकत आत जाते.

दोन गोष्टी गळतीसारख्या दिसतात, पण गळती नसतात. उन्हात ४० अंशांपर्यंत तापलेली हवा २० अंशांच्या पाण्यात गार झाली की सुमारे ६ टक्के आकसते, आणि फुगलेली पिशवी छिद्राविनाच मऊ पडते. तसेच दमट हवेत बंद केलेल्या पिशवीत आतल्या आतच बाष्प धरते. कॅमेऱ्याच्या काचेवर आलेले धुके बाहेरच्या पाण्याचे नसते.

पिशवी जुनी होते तशी तपासणी पुन्हा करावी लागते. पॉलियुरेथेनचा थर दमट माळ्यावर ओलसर घडीत राहिला तर चिकट होतो, आंबूस वास मारतो आणि पापुद्रे सोडतो. अशा पिशवीला ठिगळ लागत नाही. टाचणीएवढे छिद्र असेल तर बुडबुडा दिसताच त्याभोवती बॉलपेनने गोल काढून ठेवावा, कारण पिशवी वाळल्यावर ती जागा पुन्हा सापडत नाही.