गोव्याच्या दिवाणखान्यातला पियानो

सासष्टीतल्या काही जुन्या वाड्यांच्या दिवाणखान्यात पियानो अजून जागा धरून आहे. आमच्यासारख्या पेटीवर वाढलेल्यांना त्याच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या ओळखीच्या वाटतात. आवाज मात्र अगदी वेगळ्या रीतीने निघतो.

इ. स. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये, मेदिची घराण्याच्या पदरी असलेल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने हे वाद्य घडवलं. त्याआधीच्या हार्पसिकॉर्डमध्ये तार खुडली जाई. बोट हळू ठेवा की जोरात, आवाज जवळपास तेवढाच. क्रिस्तोफोरीने खुडण्याऐवजी हातोडी आणली. पट्टी दाबलेली असतानाच हातोडी तारेवर आपटून मागे सरते, म्हणून तार मोकळी घुमत राहते. मला यातच त्याची खरी प्रतिभा दिसते. बोटातला जोर थेट कानावर येऊ लागला, आणि वाद्याला नावही हळू आणि मोठा या अर्थाच्या इटालियन शब्दांवरूनच मिळालं.

पोर्तुगालशी या वाद्याचं नातं फार लवकर जुळलं. खास पियानोसाठी लिहिलेल्या रचनांचा पहिला छापील संग्रह, जुस्तिनीचे बारा सोनाटा, १७३२ मध्ये निघाला आणि तो अर्पण केला होता पोर्तुगालच्या राजाचा भाऊ दों आंतोनियो याला. त्या काळी गोव्यावर याच राजाचा, पाचव्या जुवांवचा, अंमल होता.

गोव्यात जमीन आधीच तयार होती. चर्चच्या शाळांतून पिढ्यानपिढ्या मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. एकोणिसाव्या शतकात वाड्यांमधून मांडो हा कोकणी गाण्या-नाचाचा प्रकार रंगू लागला, व्हायोलिन आणि घुमट या मातीच्या तालवाद्याच्या साथीने, आणि जिथे पियानो होता तिथे त्याच्याही. पुढे १९५२ मध्ये आंतोनियो द फिगेरेदो यांनी पणजीत संगीताची अकादमी काढली. मुक्तीनंतर कला अकादमीच्या पाश्चात्त्य संगीत विभागाने तो वारसा पुढे नेला.

आता पेटीकडे वळतो, कारण बोरी गावच्या पेटीवादक तुळशीदास बोरकरांचा हा मुलूख आहे. पेटीत डावा हात भात्याला बांधलेला, वाजवायला उरतो एकच. संगीत नाटकातल्या पायपेटीने हवेचं काम पायांवर सोपवलं आणि दोन्ही हात सुटले. पियानोला तर हवा लागतच नाही. उजवा हात चाल वाजवतो, डावा खर्ज आणि साथ धरतो, पायाखालच्या पेडलने स्वर लांबतो. अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांवर एकटा माणूस वाद्यवृंदाचं काम करतो, म्हणून तो चर्चच्या गायनवृंदाच्या तालमीला चालतो, नाचाला चालतो, जॅझलाही चालतो. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणं, मात्र त्यावर निघत नाही. स्वर उमटला की विरायला लागतो, आणि पेटीसारखा तो भरून धरता येत नाही.

इथला पाऊस त्याचा मोठा वैरी. लाकूड फुगतं, तारांना गंज चढतो, सूर उतरतो. म्हणून पावसाळ्यात काही घरांत पियानोच्या पोटात एक छोटा दिवा लावून ठेवतात, ओल धरू नये म्हणून.